कानात सांगणारा साई

पत्राचा गोषवारा: ताई गेली काही वर्षं नवरा आणि मुलासह तोक्योत राहतात. मुलगा १२ वर्षांचा, जपानी शाळेत सहावीत. पुण्यात असताना तो बुद्धिबळाच्या क्लासला जायचा आणि बाबांना त्याचं फार कौतुक होतं. मागच्या वर्षी त्याने ‘हिकारू नो गो’ ही जुनी ॲनिमे मालिका पाहिली आणि बुद्धिबळ सुटलं ते सुटलंच. आता उठता-बसता फक्त गो, म्हणजे काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा पटावरचा खेळ. रविवारी जवळच्या मुलांच्या वर्गाला जातो, तिथे एक जपानी मित्रही झाला. महिन्यापूर्वी मात्र त्याचं ऑनलाइन खेळायचं खातं बंद झालं. डाव चालू असताना दुसऱ्या खिडकीत गोचा प्रोग्राम उघडून त्याने सुचवलेल्या खेळी हा करत होता. त्याच खात्यावरून त्याने या मित्रालाही हरवलं होतं. मित्र थक्क झाला, ‘रविवारी पटावर खेळू या’ म्हणाला. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मुलाच्या पोटात दुखतं. जाब विचारल्यावर त्याचं उत्तर होतं, ‘हिकारूलापण साईच सांगायचा की!’ बाबांनी लॅपटॉप काढून घेतला आणि फर्मान काढलं: गो बंद, पुन्हा बुद्धिबळ, ‘त्यात निदान आपल्याकडे भविष्य तरी आहे’. मुलाला तर इनसेई व्हायचंय, म्हणजे व्यावसायिक गो खेळाडू होण्यासाठी तयारी करणारा विद्यार्थी. हिकारूनेही सहावीतच सुरुवात केली होती, हा त्याचा आधार. ताई विचारतात: मालिकेने त्याला लबाडी शिकवली का? गो बंद करणं बरोबर आहे का? उशीर झालाय हे त्याला कसं सांगायचं? आणि ता. क. मध्ये: ही मालिका मीही बघावी का?

नमस्कार ताई,

तुमच्या मुलाचं उत्तर ऐकून तुम्हाला राग आला, ते साहजिक आहे. पण उत्तर हुशारीचं आहे, आणि माझ्या मते ते निव्वळ उद्धटपणाचंही नाही. ज्याला आपण काही चुकीचं केलंय असं वाटतच नाही, त्या मुलाच्या रविवारी पोटात दुखत नाही. तेव्हा त्याचं बोलणं उडवून न लावता त्याच्याच मैदानात उतरू या. त्याने साईचं नाव घेतलंय ना, मग साईबद्दलच बोलू.

ज्यांनी ही मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युमी होत्ता यांची कथा आणि ताकेशी ओबाता यांची चित्रं असलेली ही मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, १९९८ ते २००३ या काळात जपानमध्ये साप्ताहिकातून येत होती. तिच्यावरची ७५ भागांची ॲनिमे मालिका २००१ ते २००३ दरम्यान टीव्हीवर आली. हिकारू शिंदो या सहावीतल्या मुलाला आजोबांच्या अडगळीत गोचा एक जुना पट सापडतो. त्या पटात साईचा आत्मा आहे. हजार वर्षांपूर्वी, हेइआन काळात, हा साई सम्राटाला गो शिकवत असे. तो हिकारूच्या मनात शिरतो. फक्त हिकारूलाच तो दिसतो, ऐकू येतो. त्याला स्वतःला सोंगटी उचलता येत नाही, म्हणून तो सांगतो आणि हिकारू मांडतो. गोबद्दल ओ की ठो माहीत नसलेला हा पोरगा त्यामुळे अकिरा तोया नावाच्या त्याच्याच वयाच्या, पण भल्या भल्या मोठ्यांना भारी पडणाऱ्या मुलाला सहज हरवतो. सोंगटी कशी धरायची हेसुद्धा हिकारूला तेव्हा माहीत नसतं. जाणकार ती तर्जनी आणि मधल्या बोटाच्या टोकांत धरतात, हा आपला चिमटीत धरतो.

म्हणजे तुमच्या मुलाचं म्हणणं इथपर्यंत खरं आहे. हिकारूला साई सांगायचा. पण मालिका इथे संपत नाही, इथे ती सुरू होते.

पुढे हिकारू माध्यमिक शाळेत जातो, तिथल्या गो क्लबातून आंतरशालेय स्पर्धेत उतरतो. अकिरा खरं तर तेव्हाच व्यावसायिक होऊ शकला असता. पण हिकारूशी पुन्हा एकदा खेळता यावं एवढ्यासाठी तो आपल्या शाळेच्या क्लबात नाव घालतो, तिथल्या मोठ्या मुलांचा जाच सोसतो आणि त्याच्या समोर, तिसऱ्या पटावर, येऊन बसतो. डाव सुरू होतो. सुरुवातीच्या खेळी साईच्या असतात आणि अकिरा मनापासून खूश असतो: हाच तो, ज्याला मी शोधत होतो. मग मध्येच हिकारूला पटावर काहीतरी दिसतं. त्याला वाटतं, इथून पुढे मी खेळतो. साई बाजूला होतो. हिकारूच्या स्वतःच्या चार-सहा खेळी होतात आणि डावाचा बोऱ्या वाजतो. अकिराचा चेहरा बघण्यासारखा होतो, तो चिडून ओरडतो. त्याच्या लेखी हा चेष्टेचा कळस असतो. हिकारू हरतो, आणि फार वाईट हरतो.

हा प्रसंग तुमच्या मुलाने नक्की पाहिलाय. त्याच्याशी बोलाल तेव्हा ‘तू लबाडी का केलीस’ याने सुरुवात करू नका. ‘तिसऱ्या पटावर हिकारूने साईला गप्प का केलं?’ असं विचारा. जिंकत असलेला डाव त्याने स्वतःच्या हाताने का घालवला? बारा वर्षांच्या मुलाला याचं उत्तर देता येतं. त्याला हवा तेवढा वेळ घेऊ द्या.

दुसरा मुद्दा आणखी बारीक आहे, आणि मुलं असल्या बारीक मुद्द्यांना चटकन भिडतात. मालिकेत हिकारू साईला इंटरनेटवरही खेळायला देतो. सुट्टीभर सायबर कॅफेत बसून साई सांगेल त्या खेळी करतो. जगभरचे खेळाडू चक्रावतात की हा कोण. पण खात्याला नाव काय असतं? ‘साई’. हिकारूने त्या विजयांवर स्वतःचं नाव लावलं नाही. तुमच्या मुलाच्या खात्याला नाव कोणाचं होतं, हे त्याला विचारा. आणि मग गप्प बसा. लगेच ‘बघितलंस?’ म्हणायचा मोह आपल्या सगळ्यांनाच होतो, तो आवरा.

मालिकेने लबाडी शिकवली का, याचं उत्तर यातच आलं. उलट डावातली खेळी नेमकी कोणाची, हा प्रश्न इतक्या चिकाटीने विचारणारी मुलांसाठीची दुसरी मालिका माझ्या तरी पाहण्यात नाही. मुलाने त्यातला आवडता भाग उचलला, अवघड भाग सोडला. आपण मोठेही ग्रंथ असेच वाचतो.

आता त्या प्रोग्रामबद्दल, कारण तुमच्या घरात सगळा राग त्याच्यावर आहे असं पत्रातून दिसतं. मालिका आली तेव्हा गोमध्ये माणूसच सर्वांत बलवान होता. बुद्धिबळात जगज्जेत्या कॅस्पारोव्हला डीप ब्लू या संगणकाने १९९७ मध्येच हरवलं होतं, पण १९ बाय १९ रेघांचा आणि ३६१ बिंदूंचा हा पट संगणकाला आवरत नव्हता. मार्च २०१६ मध्ये सोलमध्ये अल्फागो या प्रोग्रामने ली सेडोल या कोरियन दिग्गजाला पाच डावांच्या लढतीत ४-१ असं हरवलं आणि ते पर्व संपलं. आज कॅटागोसारखे प्रोग्राम कोणालाही फुकट मिळतात आणि ते कुठल्याही जगज्जेत्यापेक्षा बलवान आहेत. म्हणजे साई आता प्रत्येक मुलाच्या खिशात आहे. तुमच्या मुलाच्या पिढीला हा मोह आपल्यापेक्षा हजारपट जास्त आहे, एवढं तरी त्याच्या बाजूने मांडलं पाहिजे.

आणि व्यावसायिक खेळाडू हेच प्रोग्राम रोज वापरतात. डाव संपल्यावर आपण कुठे घसरलो ते बघायला, नव्या सुरुवाती अभ्यासायला. त्यामुळे ‘ते भूत घरात नको’ हा नियम टिकणार नाही. टिकेल असा नियम सरळ आहे: डाव चालू असताना कुणाला विचारायचं नाही, ना मशीनला, ना माणसाला. डाव संपल्यावर आधी स्वतः डोकं चालवायचं, कुठे चुकलं ते स्वतः ठरवायचं आणि मग मशीनला विचारायचं. गणिताच्या पुस्तकात उत्तरं शेवटी छापलेली असतात, ती आधी बघितली तर गणित सुटत नाही, पण सोडवून झाल्यावर ती बघायलाच हवीत. हे त्याला पटेल.

एक खरी गोष्टही सांगा. २०२० मध्ये दक्षिण कोरियातली एक १३ वर्षांची व्यावसायिक गो खेळाडू ऑनलाइन स्पर्धेच्या डावात प्रोग्रामची मदत घेताना सापडली. तिच्यावर एक वर्षाची बंदी आली. देशभर बातम्या झाल्या, लोकांनी नको नको ते लिहिलं. बंदी संपल्यावर ती परतली आणि आज तिच्या देशातल्या अव्वल महिला खेळाडूंमध्ये तिची गणना होते. हे सांगताना दोन्ही भाग सांगा. ‘बघ, तिचंही सगळं ठीक झालं’ एवढंच सांगितलं तर त्याला वाटेल प्रकरण मिटलं. बंदीचं वर्ष तिला काढावंच लागलं.

यावरून बाबांच्या फर्मानाकडे येते. त्यांचा राग मला कळतो. मुलाने लबाडी केली तर त्याची आवडती वस्तू काढून घ्यायची, ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि एरवी मी तिच्या विरोधात नाही. पण या प्रकरणात जरा नीट बघा. मुलाला सगळ्यांत जास्त भीती कशाची आहे? लॅपटॉप जाण्याची नाही. त्या मित्रासमोर पटावर बसण्याची आहे. तिथे त्याची खरी ताकद पाचव्या मिनिटाला उघडी पडणार. गो बंद केलंत तर त्याला कधीच तिथे बसावं लागणार नाही. ‘बाबांनी बंद केलं’ हे कारण आयतं मिळालं! शिक्षा म्हणून तुम्ही त्याची नेमकी त्या एका अवघड गोष्टीतून सुटका करताय. मित्राला मात्र कधी कळणारच नाही की तो कोणाशी हरला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ऑनलाइन खेळणं काही महिने बंद ठेवा, पण रविवारचा वर्ग अजिबात बंद करू नका. पोटात दुखलं तर ओवा द्या आणि न्या.

बुद्धिबळाकडे परत नेल्यानेही प्रश्न सुटत नाही. बुद्धिबळाचे प्रोग्राम तर त्याहून जुने आणि त्याहून सहज मिळणारे आहेत. हाच मुलगा, हाच फोन, हाच मोह. खेळ बदलला म्हणून सवय बदलत नाही.

राहिलं ‘भविष्य’. इथे बाबांना थोडं छेडावंसं वाटतं. भारतात बुद्धिबळाला सध्या सोन्याचे दिवस आहेत, खरंच. विश्वनाथन आनंद १९८८ मध्ये भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले, आज ती संख्या ८० च्या वर आहे. नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा आपल्या सगळ्यांची मान उंचावली. पण दोम्माराजू गुकेश २०१९ मध्ये ग्रँडमास्टर झाला तेव्हा त्याचं वय होतं १२. गोकडे बघा. युता इयामा, ज्याने २०१६ मध्ये जपानचे सातही मोठे किताब एकाच वेळी आपल्याकडे ठेवले, तो व्यावसायिक झाला १२ व्या वर्षी. म्हणजे तुमच्या मुलाच्या वयात दोन्ही खेळांतली शिखरावरची मुलं कधीच पुढे गेलेली होती. ‘भविष्य’ या एका कसोटीवर लावलंत तर तुमचा मुलगा गोमध्ये जेवढा मागे आहे, तेवढाच बुद्धिबळातही आहे. मग निवड भविष्यावरून कशी करणार? बाबांना बुद्धिबळ आवडतं, मुलाबरोबर बसून खेळायला आवडायचं, आणि ते सुटल्याचं त्यांना वाईट वाटतंय. हे त्यांनी मुलाला असंच सांगावं. ‘माझ्याशी आठवड्यातून एक डाव खेळशील का?’ हे वाक्य ‘बुद्धिबळाला भविष्य आहे’ या वाक्यापेक्षा खरं आहे आणि मुलाला नाही म्हणायला जड जाईल.

आता रविवारचं बघू, कारण खरं काम तिथे आहे.

वर्गाच्या शिक्षकांना आधी दोन ओळी कळवा: मुलाला मित्राशी काही बोलायचं आहे, डावापूर्वी पाच मिनिटं मिळतील का. कारण सांगू नका, ते त्याचं त्याला सांगू द्या. मित्राच्या आईला फोन करून तुम्ही माफी मागू नका. आपल्या बायकांना ही सवय असते आणि जपानमध्ये राहून ती आणखी पक्की होते. तुम्ही वाकून वाकून माफी मागितलीत तर मुलगा तुमच्या पदराआड उभा राहील आणि त्याचं काम तुमच्या गळ्यात पडेल.

काय बोलायचं ते घरी ठरवा. लहान असू दे: ‘ऑनलाइन तुझ्याशी जे डाव खेळलो त्यात मी प्रोग्रामला विचारून खेळत होतो. ते डाव माझे नव्हते. सॉरी.’ जपानीत तो हे तुमच्यापेक्षा बरं बोलेल. मालिकेचा, साईचा, दुसऱ्या मुलांचा उल्लेख नको. ‘पण’ हा शब्द नको. मित्र चिडेल, कदाचित त्या दिवशी खेळणार नाही, कदाचित इतर मुलांना सांगेल. या शक्यता आदल्या रात्री बोलून ठेवा. मित्राने माफ करायलाच हवं असं काही नाही, हेही त्याला सांगा.

तो खेळायला तयार झाला, तर गो या खेळात एक फार सुंदर सोय आहे. दोघांच्या पातळीत जेवढा फरक, तेवढ्या काळ्या सोंगट्या कच्च्या खेळाडूने डाव सुरू होण्यापूर्वीच पटावर ठेवायच्या, दोनपासून नऊपर्यंत. तुम्ही लिहिलंय की वर्गात तुमचा मुलगा १२ क्यू आणि मित्र ६ क्यू आहे. क्यू ही शिकाऊ खेळाडूंची पातळी. तिचा आकडा जितका कमी, तितका खेळाडू वरचा, आणि क्यूच्याही वर दान. म्हणजे न्यायाने तुमच्या मुलाने सहा सोंगट्या घ्यायच्या. ऑनलाइन जो दान पातळीचा म्हणून मिरवत होता, त्याने सगळ्यांसमोर सहा सोंगट्या मांडून बसायचं. हे जड जाईल. पण माफीच्या शब्दांपेक्षा या सहा सोंगट्या मित्राला जास्त पटतील. शिवाय मग डाव बरोबरीचा होईल आणि दोघांनाही मजा येईल, जे ऑनलाइनच्या त्या डावांत दोघांनाही आलेलं नाही.

हरला (बहुधा हरेलच), तर ‘माकेमाशिता’, म्हणजे मी हरलो, असं मोठ्याने म्हणून त्याने डोकं लववायचं. गोमध्ये हरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने हे म्हणायची पद्धत आहे, आणि मला ती फार आवडते. त्यानंतर काय होतं ते मात्र दुरून नीट बघा. जपानी खेळाडू डाव संपला की लगेच उठत नाहीत. दोघं मिळून तोच डाव पटावर पुन्हा मांडतात, आठवणीतून, एकेक खेळी. ‘इथे तू असं का खेळलास?’ ‘इथे मी घाबरलो.’ हरलेला माणूस नुकताच हरलाय आणि तरी बसलाय. तुमचा मुलगा या उजळणीला थांबतो का, एवढंच बघा. त्याला गो आवडतं की फक्त जिंकणं आवडतं, हे क्यू-दानाच्या आकड्यांवरून कळणार नाही, इथे कळेल. पुण्या-नागपुरातल्या बुद्धिबळाच्या आई-बाबांनाही मी हेच सांगेन. स्पर्धेच्या हॉलबाहेर ‘किती पॉइंट झाले?’ विचारण्याआधी मूल हरल्यावर समोरच्याशी दोन शब्द बोलतं का, ते बघा.

पहिल्या रविवारी थांबला नाही तर लगेच निष्कर्ष काढू नका. त्या दिवशी बिचाऱ्याच्या डोक्यावर बराच भार असेल.

तिसरा प्रश्न: उशीर झालाय हे कसं सांगायचं. तुम्ही सांगूच नका. तुम्हाला गो येत नाही, त्याला ते ठाऊक आहे, आणि तुमच्या तोंडून ते फक्त बाबांच्या बाजूचं वाक्य होईल. हे काम त्याच्या शिक्षकांचं. पण तुम्हाला स्वतःला माहिती हवी म्हणून लिहिते.

हिकारूने सहावीत सुरुवात केली आणि दोन-अडीच वर्षांत व्यावसायिक परीक्षा पास झाला, हे खरं. पण त्या काळात इतिहासातला एक सर्वश्रेष्ठ खेळाडू रात्रंदिवस त्याच्या खोलीत बसून त्याच्याशी खेळत होता. अशी शिकवणी तोक्योत मिळत नाही. खऱ्या आयुष्यात चो चिकुन सहाव्या वर्षी कोरियाहून जपानला शिकायला आले आणि ११ व्या वर्षी व्यावसायिक झाले. सुमिरे नाकामुरा २०१९ मध्ये १० व्या वर्षी व्यावसायिक झाली, पण तिचे वडील स्वतः व्यावसायिक आहेत आणि ती तिसऱ्या वर्षापासून सोंगट्या हाताळत होती. तुमचा मुलगा १२ व्या वर्षी १२ क्यू आहे. तो इनसेई होण्याची शक्यता फार फार कमी आहे. हे तुम्ही मनाशी मान्य केलंत की घरातली भीती निम्मी कमी होईल, कारण तुम्ही दोघं एका न येणाऱ्या संकटाशी भांडताय.

इनसेई म्हणजे काय हे मात्र त्याने स्वतः शोधावं. निहोन कि-इन ही गोची संस्था, जिथे हिकारू जातो, ती तुमच्याच शहरात इचिगायाला आहे. त्याला जपानी वाचता येतं. वयाची अट काय, अर्जासोबत खेळलेल्या डावांच्या नोंदी लागतात का, शनिवार-रविवारचं काय होतं, फी किती, परत भारतात जावं लागलं तर काय, हे सगळं त्याने एका कागदावर लिहून शिक्षकांकडे न्यावं आणि विचारावं, ‘माझं काय?’ शिक्षक खरं सांगतील. मुलं खऱ्या माहितीने क्वचितच मोडतात. घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलं, की मात्र त्यांना ते फार लागतं.

आणि मालिकेतल्या इसुमीची त्याला आठवण करून द्या. अठरा वर्षांचा, इनसेईंमधला सर्वांत तयार मुलगा. व्यावसायिक परीक्षेत हिकारूविरुद्ध खेळताना सोंगटी ठेवून बोट उचलल्यावर त्याला चूक दिसते आणि तो ती सोंगटी सरकवतो. नियमाने हा फाउल. हिकारूच्या ते लक्षात आलंय का, हे त्याला ठाऊक नसतं, आणि क्षणभर मनात येतं की गप्प बसावं. शेवटी तो स्वतः हार मान्य करतो. त्या धक्क्यातून तो सावरत नाही आणि त्या वर्षी नापास होतो. मग चीनला जातो, शिकतो, पुढच्या वर्षी पास होतो. पुढे साई निघून गेल्यावर हिकारू गो सोडून बसतो, तेव्हा त्याच्या दारात येऊन ‘तो डाव आपण पुन्हा खेळू’ म्हणणारा हाच इसुमी. तुमच्या मुलासाठी मालिकेतला सर्वांत उपयोगी माणूस हा आहे. साई नाही.

इनसेई झाला नाही तरी गो राहीलच. एप्रिलमध्ये तो माध्यमिक शाळेत जाईल. तिथे गोचा, किंवा गो आणि शोगीचा (जपानी बुद्धिबळाचा) एकत्र क्लब आहे का, ते आत्ताच विचारून ठेवा. हिकारूची सुरुवातही अशाच मोडक्यातोडक्या शाळेच्या क्लबात झाली. गंमत म्हणजे इनसेई झाल्यावर त्याला शाळेच्या संघातून खेळता येत नाही आणि मित्र दुखावतात. तुमच्या मुलाला ती अडचण नाही. पुण्यात परतलात तर समोर बसून खेळणारे मोजकेच सापडतील, तेव्हा मग स्वतःच्या नावाचं, खऱ्या पातळीचं ऑनलाइन खातं लागेल. तोवर ते वापरायची त्याची लायकी झालेली असेल, अशी आशा करू.

गोने एकाग्रता वाढते, गणित सुधारतं, हे बाबांना पटवायला सांगू नका. ते खरं निघालं नाही तर खेळ पुन्हा बंद होईल. मुलाला आवडतं, दर रविवारी चार माणसांत बसून खेळतो, हरायला शिकतो. एवढं पुरे.

तुमच्या ता. क. चं उत्तर: हो, बघा. त्याच्याबरोबर बघा, आणि बाबांनाही बसवा. जपानी तुम्हाला पूर्ण येत नसेल तर मुलगा सांगेल, त्यालाही कुणाच्या तरी कानात सांगायची संधी मिळेल. त्या काळी भागाच्या शेवटी युकारी उमेझावा ही खरीखुरी व्यावसायिक खेळाडू मुलांना गोचे धडे द्यायची. ते छोटे तुकडे उड्या मारून पुढे ढकलू नका, नियम कळायला ते पुरेसे आहेत. मग ९ बाय ९ रेघांचा छोटा पट आणा, तुम्ही सोंगट्या आगाऊ घ्या आणि त्याच्याशी खेळा. सुरुवातीचे भाग थोडे बालिश वाटतील, तरी तिसऱ्या पटाचा डाव येईपर्यंत सोडू नका. आणि तो डाव चालू असताना मुलाकडे वळून बघू नका, पडद्याकडेच बघा.